उभ्या पायाची टाच

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी कराटेचा क्लास भरला की दोन हाका हमखास ऐकू येतात: "गुडघा वर!" आणि "टाच फिरव!" मावाशी गेरी म्हणजे अर्धगोलात फिरवून मारायची किक. पोरं तिला सरळ 'मावशी' म्हणतात. ती कमरेच्या वर जाईना की आईवडील पाय ताणायच्या मागे लागतात. अडतं मात्र बहुधा उभ्या, म्हणजे जमिनीवरच्या पायाशी.

पुण्याच्या तालमींत हा प्रश्नच नव्हता. कुस्तीत पाय टांग आणि ढाक असे डाव मारायला. लाथ मारणं नियमाबाहेर. 'लाथ मारीन तिथे पाणी काढीन' हे फक्त बोलण्यात. किक इथे आली ती बाहेरून.

गंमत म्हणजे जिथून आली, तिथेही ती फार उंच नव्हती. ओकिनावा या जपानी बेटावरच्या जुन्या कराटेत लाथ बहुतेक कमरेखालीच. तिथले कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला गेले, कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजलं, आणि पुढे त्यांचा मुलगा योशिताका याने शोतोकान या त्यांच्या कराटे शैलीत उंच किकवर भर दिला. मावाशी गेरीचं श्रेय बरेच जण त्यालाच देतात. ती चवड्याने मारायची, गुडघा आधी बाजूला उचलून.

जपानमध्ये कराटे शिकून परतलेल्या काही कोरियन तरुणांनी आपापल्या शाळा काढल्या. १९५५ मध्ये त्यांच्या कलेसाठी 'तायक्वांदो' हे नाव पुढे आलं. त्याला दोन हजार वर्षांची परंपरा सांगतात, ती मला तरी जाहिरातच वाटते. पण किकला हातापेक्षा मोठा मान मिळाला तो इथेच. चवड्याऐवजी पावलाची वरची बाजू लागू लागली, आणि उभ्या पायाच्या टाचेचं महत्त्व वाढलं. मांडी सरळ बाजूला उचलली तर खुब्यात एका उंचीला हाड हाडाला अडतं. तिथे कितीही ताणा, उपयोग नाही. उभी टाच समोरच्याकडे वळली की अख्खी कंबर फिरते आणि पायाला वाट मिळते.

२००० मध्ये सिडनीला तायक्वांदोला ऑलिंपिक पदकं आली, २०१२ च्या लंडनला इलेक्ट्रॉनिक छातीकवच. पूर्वी पंचांना पटेल असा दणका लागायचा. आता सेन्सरला पुरेसा स्पर्श हवा. मग खेळाडू पुढचा पाय हवेतच ठेवून टोचू लागले, जणू पायांची तलवारबाजी. या किकला टाच जेमतेम वळते. कराटे सोडून स्पर्धेच्या तायक्वांदोत गेलेल्या पोराला म्हणूनच पहिले काही दिवस उलटी हाक ऐकावी लागते: "एवढा फिरू नकोस!"