मुंबईतून ओडीसी माल हलवायचाय? आधी ट्रेलर ठरवा, मग अर्ज भरा

ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, नियमात ठरलेल्या माप-वजनात न बसणारा माल. कळंबोलीत किंवा न्हावा शेव्याला ट्रेलरच्या भावाची घासाघीस आधी होते आणि परवानगीचा विचार गाडी भरल्यावर. खरं तर क्रम उलटा हवा. ओडीसीची परवानगी नुसत्या मालाला मिळत नाही. माल, पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) आणि ट्रेलर अशा ठरावीक जोडीला ती मिळते आणि तिच्यात गाडीचे नंबर व ॲक्सलची (चाकांच्या आसांची) संख्या नोंदलेली असते. आयत्या वेळी दुसरा ट्रेलर लावला, की हातातला कागद निरुपयोगी.

पहिला प्रश्न पात्रतेचा. माल एकसंध आहे का, म्हणजे सुटा करून नेता येत नाही ना? ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचा ड्रम, प्रेसची बॉडी हे चालतं. एकावर एक रचलेल्या प्लेटा किंवा पाइपांचे गठ्ठे वेगळे करून नेता येतात, त्यामुळे ते ओडीसी म्हणून मागू नका.

दुसरा प्रश्न, मर्यादा नेमकी कुठली ओलांडतेय: मापाची की वजनाची? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 93 मापांचा आहे आणि त्यात रुंदीची मर्यादा 2.6 मीटर. वजनाचा हिशेब वेगळा. जुलै 2018 च्या अधिसूचनेनुसार चार टायरच्या एका ॲक्सलला 11.5 टन, टँडमला (जवळजवळच्या दोन ॲक्सलना मिळून) 21 टन, ट्राय-ॲक्सलला (तशाच तिनांना) 27 टन आणि नेहमीच्या ट्रेलर-गाडीचं एकूण वजन जास्तीत जास्त 55 टन. हे 55 टन गाडीसकट आहेत. पुलर आणि लो-बेडचं (खालच्या पाट्याच्या ट्रेलरचं) स्वतःचं वजन वजा केलं, की मालासाठी साधारण तीस-पस्तीस टनच उरतात.

आता 25 टनांचं, 3.2 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच मशिन घ्या. वजनाची अडचण नाही, रुंदीची आहे. साध्या फ्लॅटबेडचा पाटा जमिनीपासून सुमारे दीड मीटर वर असतो, म्हणजे माथा साडेचार मीटरवर जातो. लो-बेडचा पाटा एक मीटरच्या आतबाहेर, म्हणजे तेच मशिन चार मीटरच्या आसपास बसतं. शहरात नव्या उड्डाणपुलांखाली 5.5 मीटर मोकळी जागा धरलेली असते, पण जुने रेल्वे पूल, पादचारी पूल आणि लोंबणाऱ्या केबल्स तो नियम वाचून बांधलेल्या नाहीत. भाडं थोडं जास्त पडलं तरी लो-बेडच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

120 टनांचा ट्रान्सफॉर्मर असेल तर हायड्रोलिक ॲक्सलशिवाय, म्हणजे ॲक्सलच्या रांगा जोडून बनवलेल्या ट्रेलरशिवाय, गत्यंतर नाही. त्यात ॲक्सलच्या एका रांगेला 18 टन मंजूर आहेत. रांगेचं स्वतःचं वजन साधारण 4 टन धरलं, तर मालाला 14 उरतात. 120 भागिले 14 म्हणजे साडेआठच्या वर, म्हणून किमान नऊ रांगा. मी दहा मागेन, कारण ट्रान्सफॉर्मरचा भार मधोमध क्वचितच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसने पुलांच्या डिझाइनसाठी धरलेलं विशेष वाहनही असंच आहे: 20 रांगांचा हायड्रोलिक ट्रेलर, पुलरसह 385 टन, वेग ताशी 5 किलोमीटर, पुलाच्या मध्यरेषेवरून, आणि त्या वेळी पुलावर दुसरं वाहन नाही. परवानगीत अशाच अटी येतात, तेव्हा त्यांना घाबरू नका.

अर्जाला लागणारी कागदपत्रं अशी: पुलर आणि ट्रेलर दोन्हींचं आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, उत्पादकाचं वजनपत्र, मालाचं मापांसह ड्रॉइंग, ॲक्सलमधली अंतरं आणि प्रत्येक ॲक्सलवरचा भार दाखवणारा आराखडा, मार्ग आणि त्याचा सर्व्हे, रस्त्याचं नुकसान झाल्यास भरपाईचं हमीपत्र. यातला आराखडा लोक टाळतात आणि फाइल तिथेच अडकते. पुलांची तपासणी त्यावरूनच होते.

अर्ज कुणाकडे, हे रस्त्यावर अवलंबून. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ऑनलाइन प्रणाली, राज्याच्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा विषय एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा). पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पासून महापालिकेकडे आहेत, त्यामुळे जुना नमुना काढून एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नावे पत्र लिहू नका. शहरातून जायचं तर वाहतूक पोलिसांची परवानगी वेगळी लागते. त्यात दिलेली वेळ म्हणजे तीच वेळ. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी येते, तेव्हा पनवेलहून कोकणाकडे जाणारा माल त्याआधी किंवा नंतरच काढा.

ई-वे बिलात, म्हणजे जीएसटीसाठी मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदात, एक छोटा रकाना मोठा घात करतो. वाहनप्रकारात 'ओव्हर डायमेन्शनल कार्गो' निवडलं तर दर 20 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. साध्या गाडीला दर 200 किलोमीटरला एक. न्हावा शेव्याहून पुण्याकडच्या 120 किलोमीटरला पहिल्या प्रकारात सहा दिवस, दुसऱ्यात एकच. घाटात एक दिवस अडकलात तर या फरकाची किंमत कळते. मुदत संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर ती वाढवून घेता येते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत एक लाखाच्या वर असेल तर हे बिल लागतंच.

परवानगीविना सापडलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 194: जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, माल बाजूने, मागे किंवा वर बाहेर आला असेल तर 20,000, वजनकाट्यावर जायला नकार दिला तर 40,000. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च तुमचाच. फास्टॅगही तपासून घ्या. सात किंवा त्याहून जास्त ॲक्सलची गाडी टोलच्या वेगळ्या गटात मोडते आणि चुकीच्या वर्गाचा टॅग असला, की पहिल्याच नाक्यावर मागची रांग हॉर्न वाजवायला लागते.