केबलच्या आवरणातील क्लोरीन: हॅलोजनविरहित केबलची पार्श्वभूमी

इमारतींच्या आणि मेट्रोच्या निविदांमध्ये आज ‘हॅलोजनविरहित केबल’, म्हणजे आवरणात क्लोरीन, फ्लोरीन यांसारखी हॅलोजन गटातील मूलद्रव्ये नसलेली केबल, अशी अट सर्रास दिसते. या अटीची सुरुवात मात्र पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या एका गुणातून झाली, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. पूर्वी तारांवर रबराचे आणि त्यावर सुती विणीचे आवरण असे. ते काही वर्षांत तडकत असे आणि सहज पेटत असे. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांना पीव्हीसी मऊ आणि लवचीक करण्याची रीत सापडली आणि पुढील काही दशकांत वायरिंगचा बहुतेक व्यवहार या प्लास्टिककडे गेला. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. आवरण तापले की तो हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने सुटतो आणि ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतो, त्यामुळे आग पसरायला अडथळा होतो. परंतु हाच वायू ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनवतो. ज्वाला दाबणारा आणि श्वास कोंडणारा घटक एकच आहे, ही या विषयाची खरी अडचण आहे.

ती अडचण न्यूयॉर्कमध्ये ठळकपणे समोर आली. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी मध्यरात्रीनंतर मॅनहॅटनमधील सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात, जिथे शहराच्या केबल इमारतीत शिरत, तिथे आग लागली आणि उभ्या केबलमार्गांनी वर पसरली. सुमारे १ लाख ७० हजार टेलिफोन बंद पडले आणि सेवा पूर्ववत व्हायला जवळपास तीन आठवडे लागले. त्या रात्री कोणी दगावले नाही. मात्र जळत्या पीव्हीसीच्या धुरात तासन्‌तास काम केलेल्या अग्निशमन जवानांच्या दीर्घकालीन आजारांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे चर्चेत राहिला. महिनाही उलटला नव्हता, तोच २२ मार्चला अलाबामातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात हवेची गळती शोधण्यासाठी धरलेल्या मेणबत्तीने आग लागून १,६०० हून अधिक केबलचे नुकसान झाले. केबल पेटते का, या प्रश्नाइतकाच तिच्या धुरात काय असते, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरू लागला तो या काळात.

बंदिस्त जागांत, म्हणजे युद्धनौकांत आणि भुयारी रेल्वेत, या प्रश्नाची निकड सर्वाधिक होती. धुराची दाटी मोजण्यासाठी ३ मीटर बाजूच्या बंद घनाकृती खोलीत केबल जाळून तिच्यातून प्रकाश किती पार जातो हे पाहण्याची चाचणी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या गरजेतून आली आणि पुढे आयईसी ६१०३४ या आंतरराष्ट्रीय मानकात स्थिरावली.

क्लोरीन काढून टाकला, तर आग कशाने अडवायची? उत्तर मिळाले ते खनिजांत. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे २०० अंश सेल्सिअसला विघटित होऊ लागते, उष्णता शोषते आणि आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी वाफेच्या रूपाने सोडते. मागे उरणारे ऑक्साइड खालच्या प्लास्टिकला झाकते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हेच काम ३०० अंशांच्या पुढे करते, म्हणून जास्त तापमानाला आवरण चढवताना ते सोयीचे पडते. पण पुरेसा परिणाम मिळवण्यासाठी मिश्रणाच्या वजनात ६० टक्क्यांच्या आसपास ही पूड घालावी लागते आणि तेवढ्या भरणाने आवरणाचे मूळ प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, ताठर आणि ठिसूळ होते. म्हणूनच भरण सामावून घेणारा ईव्हीए (इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट) हा पॉलिमर आणि पुडीचे कण प्लास्टिकशी जोडणाऱ्या सायलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा लेप यांवर पुढचे बरेच संशोधन खर्ची पडले, आणि माझ्या मते या क्षेत्राची खरी कारागिरी तिथेच आहे.

सर्व देश याच वाटेने गेले नाहीत. अमेरिकेत खोट्या छताच्या वरच्या हवेच्या पोकळीतून जाणाऱ्या डेटा केबलसाठी ज्वाला पसरू न देण्याला अग्रक्रम मिळाला, आणि तिथे एफईपी हे फ्लोरीनयुक्त प्लास्टिक, म्हणजे पुन्हा हॅलोजनच, वापरात राहिले. युरोपचा भर धुरावर आणि आम्लावर राहिला.

भारतात मधला टप्पा ‘एफआरएलएस’, म्हणजे ज्वालारोधक आणि कमी धूर करणाऱ्या, केबलचा होता आणि इथे ग्राहकांची गल्लत होते, ती मला चिंताजनक वाटते. एफआरएलएस हे सुधारित पीव्हीसीच असते. त्यातून २० टक्क्यांपर्यंत हॅलोजन आम्लवायू सुटण्यास मुभा असते, तर हॅलोजनविरहित आवरणासाठी ही मर्यादा सामान्यतः ०.५ टक्के असते. हॅलोजनविरहित केबलसाठी आयएस १७०४८ हे स्वतंत्र भारतीय मानक २०१८ मध्ये आले. त्यामुळे धुराचा धोका टाळायचा असेल, तर केबलवरच्या छपाईत ‘एलएस’ ही अक्षरे पाहून थांबू नये, ‘एचएफएफआर’ (हॅलोजनविरहित, ज्वालारोधक) ही अक्षरे आणि हा मानक क्रमांक शोधावा.