मातीच्या गोळ्याचा अंदाज

गोळ्याचा अंदाज म्हणजे एखादं भांडं घडवायला किती ओली माती लागेल हे चाकावर बसायच्या आधीच ठरवणं. नवीन शिकणारा बहुतेक वेळा इथेच फसतो, कारण भांड्यात मावतं किती यावरून तो माती घेतो, पण माती खरी जाते ती भिंतीत आणि बुडात. उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली आणि भिंतीची जाडी तेवढीच ठेवली तर माती चौपट लागते, आणि जाडीही दुप्पट केलीत तर थेट आठपट!

स्टुडिओत चाकावर काम करणारे साधारण असं धरतात, चहाचा मग ३५० ते ४५० ग्रॅम, कानासाठी वेगळी ५०-६० ग्रॅम, मध्यम बाऊल अर्धा किलो, जेवणाची प्लेट सव्वा ते दीड किलो. हात बसलेला माणूस याहून कमी मातीत तेच भांडं काढतो. प्लेटला जास्त लागते कारण तिचं बूड जाड ठेवून नंतर खालून कोरायचं असतं, ती कोरलेली माती वाया जात नाही, भिजवून परत मळता येते, पण गोळा घेताना ती धरावीच लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे आकसणं. स्टोनवेअरची (खूप जास्त तापमानाला भाजायची) माती वाळून आणि भाजून साधारण १० ते १३ टक्के आकसते, लाल माती कमी. १२ टक्के धरले तर १० सेंमी उंचीचा मग हवा असताना ओला ११.४ सेंमी काढायला लागतो (१० भागिले ०.८८, नुसते १२ टक्के वाढवून ११.२ येतात ते चूक). आणि आकसणं तिन्ही बाजूंनी होत असल्यामुळे २५० मिली मावायला हवं असेल तर ओल्या मगात जवळजवळ ३६५ मिली मावलं पाहिजे, हे पहिल्यांदा गणित केल्यावर मला खरंच वाटेना, मग ओल्या मगात पाणी न ओतता तांदूळ भरून मोजले तेव्हा पटलं.

आपल्याकडचे कुंभार पणत्या, बोळकी, सुगडं करताना वजनकाटा वापरत नाहीत, चाकावर एकच मोठा गोळा ठेवून वरच्या टोकाला एकेक नग काढतात आणि दोऱ्याने कापून घेतात, अंदाज सगळा बोटांत असतो आणि तरी रांगेतल्या पणत्या सारख्याच दिसतात, हे कौशल्य फार मोठं आहे. मडक्याचं अजून वेगळं, ते चाकावर जाड आणि लहानच काढतात आणि थोडं सुकलं की आतून आधार देत बाहेरून थापीने ठोकून फुगवतात, म्हणजे तेवढ्याच मातीत भिंत पातळ होत होत मडकं मोठं होतं.

चाक नसेल, लाटलेल्या पोळीतून भांडं करायचं असेल तर सरळ क्षेत्रफळ गुणिले जाडी करा आणि घन सेंमीला १.९ ग्रॅमच्या आसपास धरा. २५ सेंमी व्यासाची ८ मिमी जाड चकती साधारण ७५० ग्रॅमची होते, कडेची कातरण वेगळी.

अंदाज पक्का करायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक ओला मग तारेने उभा चिरून बघणं. भिंत वर पातळ आणि बुडाजवळ बोटभर जाड दिसली तर गोळा लहान नव्हता, माती खालीच राहिली होती.