रफ वही वेगळी, जर्नल वेगळं

नांदेड-लातूर-परभणीकडच्या पुष्कळ पोरांची बारावी नीट-सीईटीच्या क्लासातच सरते. ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची तोटीची काचनळी, हातात येते ती थेट बीएस्सीच्या पहिल्या सत्रात. पहिल्या प्रॅक्टिकलला ‘रफ वही आणि जर्नल दोन्ही आणा’ असं सांगितलं की बहुतेकजण एकच अर्थ घेतात: आधी कच्चं खरडायचं, मग रूमवर जाऊन तेच सुवाच्य अक्षरात उतरवायचं. घोटाळा इथंच सुरू होतो.

रफ वही म्हणजे जागेवरचा पंचनामा. टेबलापाशी जे घडलं, ते घडत असताना, पेनानं. जर्नल म्हणजे त्या पंचनाम्यावरून तयार केलेला अहवाल. प्रयोग न पाहिलेल्या माणसालाही कळावा असा. पंचनामा घरी बसून लिहीत नाहीत, आणि अहवालात पंचनाम्याबाहेरचं काही घालत नाहीत.

ऑक्झॅलिक ॲसिडवरून सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची ताकद, काढायची आहे, असं धरा. ०.१ नॉर्मल ॲसिड २५० मि.ली. करायला १.५७५ ग्रॅम लागतं. काट्यावर मात्र तंतोतंत तेवढंच पडत नाही. १.५८१ पडलं तर रफ वहीत १.५८१ च लिहायचं. ६३ या सममूल्यभारानं (इक्विव्हॅलंट वेट) हिशेब केला की नॉर्मॅलिटी ०.१००४ येते. ‘०.१ च धरू’ म्हणणाऱ्याचं उत्तर पुढे चुकतं आणि का चुकलं ते त्याला सापडत नाही, कारण वजन कुठं लिहिलेलंच नसतं.

आता ब्युरेट. पिपेटनं १० मि.ली. ॲसिड फ्लास्कमध्ये, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (ॲसिड संपलं की गुलाबी होणारा दर्शक), वरून ब्युरेटनं अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. रफ वहीत सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग दोन्ही हवं: ०.० ते १०.४, १०.४ ते २०.५, २०.५ ते ३०.६. नुसता फरक लिहिला तर वाचताना झालेली चूक नंतर पकडता येत नाही. पहिल्या वेळी रंग गडद गुलाबी झाला असेल तर आकड्याशेजारी ‘गडद’ एवढा शब्द पुरे. जर्नल लिहिताना हाच शब्द कामाला येतो: १०.४ हे पायलट रीडिंग, म्हणजे अंदाजापुरतं, ते सरासरीत धरायचं नाही. जुळणारी दोन १०.१ ची, म्हणून अल्कली ०.०९९४ नॉर्मल. तिन्हींची सरासरी काढली तर १०.२ येते आणि उत्तर ०.०९८४ वर घसरतं. पहिल्या वर्षात ही चूक सर्रास दिसते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. डिस्टिल्ड वॉटर संपलं की कुणीतरी अल्कली करायला नळाचं, म्हणजे बोअरचं पाणी घेतो. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी सोडियम हायड्रॉक्साइडची क्रिया होते, द्रावण गढूळ होतं, त्याची ताकद उतरते आणि रीडिंग वाढतं. ‘नळाचं पाणी, द्रावण गढूळ’ अशी नोंद असेल तर वाढलेल्या रीडिंगचं कारण जर्नलात लिहिता येतं. नोंद नसली की शेजाऱ्याचं १०.१ उतरवायचा मोह होतो.

रफ वहीत खाडाखोड चालते. व्हाइटनर आणि खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. १०.० ला नुसतं १० लिहू नका, ब्युरेट ०.१ पर्यंत वाचली हे त्या शून्यावरूनच कळतं. सुट्या चिठ्ठीवर तर काहीच लिहू नका. चिठ्ठ्या ॲप्रनसोबत धुतल्या जातात. फिजिक्सला व्हर्नियरचा (बारीक लांबी मोजायचं साधन) शून्यांक दोष, म्हणजे जबडे मिटलेले असतानाही दिसणारं रीडिंग, आधी टिपायचा. तो अधिक ०.०३ सें.मी. असेल तर मूळ रीडिंग तसंच ठेवून दुरुस्त रीडिंगचा वेगळा रकाना करायचा, मनातल्या मनात वजा करायचं नाही.

जर्नलचा साचा बहुधा ठरलेला: उजव्या रेघांच्या पानावर पेनानं उद्देश, साहित्य, तत्त्व, कृती, निष्कर्ष; डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती, तक्ता, आकडेमोड. विभागागणिक फरक असतो, विचारून घ्यावं. कृती भूतकाळात लिहा. गाइडात ‘१० मि.ली. घ्या’ असतं, जर्नलात ‘घेतले’ हवं. बहुतेक ठिकाणी जर्नल इंग्रजीत असतं, तिथंही हाच नियम. नुसत्या ‘घ्या, टाका, हलवा’वरून परीक्षक नक्कल ओळखतात.

सह्याही वेगळ्या. रफ वहीवर त्याच दिवशी, लॅबमधून बाहेर पडण्याआधी. जर्नलवर पुढच्या बॅचच्या दिवशी. सत्राअखेर जर्नलवर प्रमाणपत्राची सही होते, आणि सहसा त्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. पाच-सहा प्रयोग साचवून एका रात्रीत लिहिणाऱ्यांची गाडी रफ वहीतल्या अर्धवट नोंदींवरच अडते.

परीक्षेच्या वेळी जर्नल टेबलावर जमा होतं, रफ वही तुमच्याकडे राहते. म्हणून तिच्या प्रत्येक पानावर तारीख आणि जर्नलातला प्रयोग क्रमांक टाकून ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत ती रद्दीत घालू नका.