फाइल उघडायची खिडकी अडते कुठे?

एखाद्या प्रोग्रॅममध्ये 'ओपन' किंवा 'सेव्ह अ‍ॅज' दाबावं आणि समोर नुसती पांढरी चौकट यावी. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी, माउसजवळ गरगरणारं वर्तुळ. वीसेक सेकंदांनी फायलींची यादी अवतरते आणि सगळं सुरळीत होतं. लगेच पुन्हा उघडली तर तीच खिडकी झटकन येते, म्हणून आपण विषय सोडून देतो; तासाभराने परत तेच. यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे रॅम वाढवा, नाहीतर एखादा 'क्लीनर' चालवा. दोन्हींचा इथे सहसा काडीचा उपयोग होत नाही. खिडकी अडलेली असताना टास्क मॅनेजर पाहिला, तर बहुतेक वेळा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला दिसतो. संगणक दमलेला नसतो, कोणाच्या तरी उत्तरासाठी ताटकळलेला असतो.

विंडोजमध्ये ही खिडकी बहुतेक प्रोग्रॅम स्वतः बनवत नाहीत. ती सिस्टीमकडून तयार मिळते. नोटपॅडने ती मागितली की फाइल एक्सप्लोररचा अर्धा संसार नोटपॅडच्या प्रोसेसमध्ये येऊन बसतो: क्विक अ‍ॅक्सेसमधले फोल्डर, जोडलेले ड्राइव्ह, नेटवर्कवरच्या जागा, क्लाउडचे फोल्डर, आणि इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने एक्सप्लोररला जोडलेली एक्स्टेन्शन्स. हवी असलेली फाइल डेस्कटॉपवरच असली तरी या बाकीच्या मंडळींची विचारपूस होते. त्यातला एक जरी गप्प राहिला, तरी सगळं खोळंबतं.

म्हणून तपासाला सुरुवात घड्याळाने करावी. किती सेकंद लागले आणि दर वेळी तितकेच लागतात का, एवढ्यावरून बरंच कळतं.

दर वेळी साधारण 20 सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर संशय नेटवर्कवर. बंद असलेल्या मशिनकडे जोडणीची विनंती गेली, की 'नाही' असं सांगायलाही तिथे कोणी नसतं. जोडणी नाकारणारं मशिन क्षणात उत्तर देतं. वेळ खातं ते न बोलणारं. नेटवर्कवर दोन मशिन एकमेकांशी ज्या पद्धतीने जोडली जातात, त्या टीसीपीचा नियम असा, की उत्तर आलं नाही तर थांबायचं, पुन्हा विचारायचं, आणि प्रत्येक खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा. जुन्या विंडोजमध्ये हे 3, 6 आणि 12 सेकंद असे टप्पे होते, बेरीज 21. लिनक्सचे मूळ आकडे 2023च्या कर्नल 6.5च्या आधी याहून चिवट होते: 1 सेकंदापासून दुप्पट होत सहा वेळा पुन्हा विचारणा, म्हणजे एकूण 127 सेकंद.

खात्री करायला केबल काढा किंवा वायफाय बंद करा आणि खिडकी पुन्हा उघडा. नेटवर्कच नसलं की विनंती जागच्या जागी फसते, वाट पाहणं उरत नाही. खिडकी आता पटकन उघडली, तर चोर सापडला. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' ही आज्ञा द्या. जोडून ठेवलेल्या ड्राइव्हची यादी येईल. कधीच मोडीत निघालेल्या सर्व्हरचा 'झेड' ड्राइव्ह अजून तिथे लटकत असेल, तर धिस पीसीमध्ये त्यावर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा. त्यानंतर क्विक अ‍ॅक्सेस पाहा. फोल्डर ऑप्शन्समधल्या 'जनरल' टॅबवर 'प्रायव्हसी'खाली 'क्लिअर'चं बटण असतं. त्याने अलीकडच्या फायलींची नोंद पुसली जाते, पण पिन केलेले फोल्डर तसेच राहतात. ते एकेक करून अनपिन करावे लागतात, आणि नेमकं हेच राहून जातं.

उशीर पाच-दहा सेकंदांचाच असेल आणि सोबत घरघर ऐकू येत असेल, तर झोपलेली हार्ड डिस्क जागी होत आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' ही वेळ वाढवा. बाहेरून जोडलेल्या काही डिस्कचा झोपेचा टायमर त्यांच्या स्वतःच्याच डब्यात असतो. त्या विंडोजची ही सेटिंग जुमानत नाहीत.

ठरावीक फोल्डरमध्येच रखडत असेल, तर कारण वेगळं. डाउनलोड्समध्ये फोटो आणि व्हिडिओ साठले, की विंडोज त्याला चित्रांचं फोल्डर समजू शकतं आणि 'फोटो कधी काढला', 'लांबी किती' असे रकाने दाखवायला लागतं. ही माहिती फोल्डरच्या यादीत नसते, प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कवर हव्या जागी पोहोचायला सरासरी 12 मिलिसेकंद धरले, तर हजार फायलींना 12 सेकंद होतात, तेही फाइलमागे एकदाच वाचावं लागलं तर. फिरती चकती नसलेल्या एसएसडीवर हव्या जागी पोहोचणं साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं, म्हणून तिथे हा त्रास क्वचित जाणवतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कस्टमाइझ' टॅबवर 'जनरल आयटम्स' निवडा, 'सबफोल्डर्स'च्या चौकटीत खूण करा, आणि यादी नावाने लावा.

सगळ्यात चकवा देणारा भाग एक्स्टेन्शन्सचा. फाइलच्या चिन्हावर हिरव्या बरोबरच्या खुणेसारखं छोटं चिन्ह दिसतं, ते एखाद्या सॉफ्टवेअरची डीएलएल (इतर प्रोग्रॅममध्ये जाऊन बसणारी कोडची फाइल) काढत असते, आणि ती प्रत्येक फाइलबद्दल विचारली जाते. विंडोज अशी 15 चिन्हंच मान्य करतं, त्यातली काही स्वतःसाठी राखून. नंबर लागतो नावाच्या वर्णक्रमाने, म्हणून क्लाउडवाल्या कंपन्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, आपल्या नावाआधी रिकाम्या जागा घालून रांगेत पुढे घुसतात! शेलएक्सव्ह्यू या मोफत प्रोग्रॅममध्ये ही सगळी मंडळी दिसतात. मायक्रोसॉफ्टची सोडून उरलेल्यांतली निम्मी बंद करा, लॉग आउट करून पुन्हा आत या आणि पाहा. त्रास गेला, तर दोषी त्या निम्म्यांत. नाही गेला, तर दुसऱ्यांत. तीसचा आकडा पाच फेऱ्यांत एकावर येतो. मात्र 32 बिटचा प्रोग्रॅम 32 बिटचीच एक्स्टेन्शन्स उचलतो. जुन्या प्रोग्रॅममध्येच खिडकी अडत असेल आणि एक्सप्लोरर ठणठणीत असेल, तर ती यादी वेगळी तपासावी लागते.

लिनक्सवर बरोबर 25 सेकंद लागत असतील, तर तो डी-बसचा, म्हणजे प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायला असलेल्या यंत्रणेचा, मूळ टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) आहे. खिडकी दाखवायचं काम ज्या 'पोर्टल' सेवेकडे असतं, तिचा डेस्कटॉपशी जुळणारा भाग सुरू झालेला नसतो किंवा बसवलेलाच नसतो. डेस्कटॉप नोम असेल तर नोमचा आणि केडीई असेल तर केडीईचा पोर्टल बसवून पुन्हा लॉग इन करा.

इतकं करूनही विंडोजवर पत्ता लागत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस मॉनिटर चालवा. प्रोग्रॅमने केलेली प्रत्येक हालचाल तो नोंदवतो. फिल्टरमध्ये फक्त अडणारा प्रोग्रॅम ठेवा, 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'ड्युरेशन' हा रकाना चालू करा, खिडकी उघडा आणि ती आली की नोंद थांबवा. हजारो ओळी दिसल्या तरी घाबरू नका. ड्युरेशनमध्ये काही सेकंदांचा आकडा असलेल्या ओळी मोजक्याच असतात, आणि त्यांच्याच 'पाथ' रकान्यात गप्प बसलेल्या सर्व्हरचं, डिस्कचं किंवा डीएलएलचं नाव लिहिलेलं असतं.