व्हॅन गॉगचं एकुलतं एक एचिंग

तोंडात पाइप, चेहऱ्यावर थकवा. आपल्यावर उपचार करणारे डॉ. पॉल गाशे यांचं हे जेमतेम १८ सेंटिमीटर उंचीचं व्यक्तिचित्र व्हॅन गॉगनं जून १८९० मध्ये तांब्याच्या पत्र्यावर काढलं. लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापलेली चित्रं, त्यानं पूर्वी केले होते. एचिंग मात्र आयुष्यात हे एकच.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर देतात. सुईनं फक्त तो थर खरवडायचा, की खालचं तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल उघडं तांबं तेवढं खातं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल. थर काढून शाई चोळायची, वरवरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून दाबून काढायचा. कागद खाचांत शिरून शाई उचलतो. चित्र उलटं उमटतं आणि रेघ बोटाला किंचित उंच लागते. छापचित्र हातात घेऊन पाहावं ते यासाठी.

ही युक्ती मुळात चिलखतांवर नक्षी काढणाऱ्या कारागिरांची. १५०० च्या सुमारास आउग्सबुर्गच्या डॅनिएल हॉपफरनं ती कागदावर चित्रं छापायला वापरली. धातूत छिन्नीनं कोरायला वर्षानुवर्षांची उमेदवारी लागे. मेणावरची सुई मात्र पेन्सिलीसारखी फिरते. ज्याला रेखाटता येतं त्याला एचिंग जमू शकतं, आणि चित्रकार त्याकडे वळले ते म्हणूनच. रेम्ब्रांटनं सुमारे ३०० एचिंग केली, स्वतःचे चेहरे पुन्हा पुन्हा काढले. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रं आली, हुबेहूब चेहरा सहज मिळू लागला, तेव्हा चित्रकाराच्या हाताची रेघ अधिकच मोलाची वाटू लागली. १८६२ मध्ये पॅरिसमध्ये प्रकाशक आल्फ्रेद कादार यांनी एचिंग करणाऱ्यांची संस्थाच काढली. चित्रकार एदुआर माने त्यात होता; कवी बोदलेअरचं व्यक्तिचित्र त्यानं एचिंगमध्येच केलं.

गाशे याच लाटेतले. पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी त्यांच्या घरात छापायचं यंत्र होतं. ते स्वतः 'पॉल व्हान रायसेल' नावानं एचिंग करत. १८७३ मध्ये चित्रकार सेझाननंही त्यांच्याचकडे सुई हाती धरली होती. व्हॅन गॉगच्या पत्र्याचे ठसे वेगवेगळ्या रंगांच्या शायांत काढले गेले. त्याचा भाऊ थिओ याला हे एचिंग फार आवडलं: कसबाचा डौल नाही, धातूवर केलेलं सरळ रेखाटन आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. या रेघांत घाई आहे, पण एकही रेघ उगाच नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या विषयांवर आणखी एचिंग करावीत, छपाई गाशेंकडे फुकट होईल, असा बेत व्हॅन गॉगनं पत्रात कळवला होता. २९ जुलैला तो गेला.