अग्निबाण प्रक्षेपक (एकोणिसावे शतक)

लष्करी अग्निबाणाला (रॉकेटला) इष्ट दिशा व चढ देऊन तो सोडण्याचे साधन. तोफेत दारूचा स्फोट नळीतच कोंडलेला असतो, म्हणून नळी जाड व वजनदार लागते आणि बार उडताच तोफ मागे रेटली जाते. अग्निबाण स्वतःच्याच झोताने पुढे जातो व प्रक्षेपकाला जवळजवळ धक्का देत नाही. त्यामुळे हा प्रक्षेपक माणसांनी उचलून नेण्याइतका हलका करता आला.

श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर म्हैसूरचे लोखंडी नळकांड्यांचे बाण इंग्लंडला गेले आणि १८०४ पासून विल्यम काँग्रीव्ह यांनी लंडनजवळील वुलिचच्या शस्त्रागारात त्यांचा विकास केला. म्हैसूरच्या बाणांप्रमाणे मराठी फौजांतील बाणदारही, बाण सरळ जावा म्हणून, त्याला बांबूची दांडी बांधत. काँग्रीव्हच्या ३२ पौंडी बाणाला सुमारे ४.६ मी. लांबीची दांडी होती, आणि प्रक्षेपकाचा सारा आराखडा या दांडीने ठरवला. दांडी नळकांड्याच्या एका बाजूला बसवलेली असल्याने बाण साध्या गोल नळीत मावत नसे. म्हणून नगरांवरील माऱ्यासाठी टेकू लावलेली शिडीवजा उंच चौकट वापरीत. टेकूचे पाय पुढेमागे सरकवले की चढाचा कोन बदले, आणि मागच्या झोतापासून दूर उभा राहून गोलंदाज दोरीने चकमकीचा चाप ओढी. १८०६ मध्ये फ्रान्समधील बूलोनवर व १८१४ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोरवर जलमार्गाने मारा झाला. दुसऱ्या वेळी ‘एरेबस’ जहाजाच्या कुशीतील झरोक्यांतून बाण सुटत होते.

१८१५ च्या सुमारास दांडी तळाच्या मध्यभागी आली व तिच्याभोवती झोतासाठी पाच छिद्रे ठेवली गेली, त्यामुळे नळीतून मारा सुकर झाला. नेम मात्र फारसा सुधारला नाही. बाण प्रक्षेपक सोडतो तेव्हा त्याचा वेग अगदी कमी असतो आणि त्याच क्षणी आडवा वारा लांब दांडीला ढकलून त्याचे तोंड वाऱ्याकडे फिरवतो. हा दोष चौकट कितीही काटेकोर केली तरी जाणारा नव्हता.

त्यावरचा उपाय बाणातच सापडला. विल्यम हेल यांनी १८४४ मध्ये झोताच्या जोरावर स्वतःभोवती फिरणाऱ्या, बिनदांडीच्या बाणाचे पेटंट घेतले. ब्रिटनने तो १८६७ मध्ये स्वीकारला, तेव्हा प्रक्षेपक म्हणून पायांवर उभी केलेली एक लहान पन्हळ पुरेशी ठरली. मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश सेनापती नेपियरच्या हबसाण (इथिओपिया) मोहिमेत (१८६८) नाविक तुकडीने हे बाण खेचरांवर लादून डोंगरात नेले. दक्षिण आफ्रिकेतील झुलू युद्धातही (१८७९) ते वापरले गेले. पण तोवर आटे पाडलेल्या नळीच्या तोफा पल्ल्यात व नेमात बऱ्याच पुढे गेल्या होत्या.